नळ माझ्या दारी

६ एप्रिल १९६९, रविवार, सकाळ

सगळ्यात आधी आला तो छत्रीवाला देवराव. मागून चार पोट्टे, आणि त्यायच्या मागून समोरची कौशल्या. तिले कोणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या दारात दोन चपला जास्त दिसल्या की तिच्या घरचं मीठ संपते.

देवराव कार्पोरेशनले उभा आहे. छत्री त्याची निशाणी. पाया पडला. इलेक्शनच्या पंधरा दिवसांत या लोकायची कंबर अशी लवते, मग पाच वर्षं ताठच. म्हणे, आजी, गल्लीची मतं तुमच्या हातात. खरं बोलणारा माणूस.

म्हटलं, नळ दे. रामदासपेठेत घराघरात नळ, अन् आम्ही दुसऱ्या मोहल्ल्याच्या विहिरीवर भांडून राहिलो. म्हणे, दिला, गल्लीच्या तोंडाशी. म्हटलं, तोंडाशी काहून? माझ्या दाराशी. शिस्त राहील. म्हणे, तुम्ही म्हणाल तसं!

गल्लीत मतं तीनशे. तीनशेच्या तीनशे देऊन टाकली.

७ एप्रिल

सून प्रेमलता म्हणते, आत्याबाई, लोकायले विचारायचं तरी. म्हटलं, विचारलं की लोक विचार करत बसतात.

९ एप्रिल, बुधवार

सायकलवाला नत्थूजी येऊन गेला. हा दुसरा उमेदवार. आवाज बारीक, खिशाले पेन. कौशल्येच्या ओट्यावर बसला, मले दुरूनच नमस्कार. मतं मागितली नाहीत. जो मले विचारत नाही तो निवडून कसा येईल? मी पाणी विचारलं नाही. होतंच कुठं पाणी.

११ एप्रिल, शुक्रवार, रात्री

आज सुनेच्या हातून चैत्राचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं. गल्लीतल्या साऱ्या बाया आल्या. हातात वाट्या आल्यावर मी नळाचे नियम सांगतले. पहिलं पाणी माझ्या देवघराचं. मग माझ्या स्वयंपाकाचं. मग ज्यायच्याशी माझं बोलणं सुरू आहे त्या. मग बाकीच्या. नळावर कपडे आपटायचे नाहीत, सासूची गाऱ्हाणी सांगायची नाहीत. जी भांडेल तिले आठ दिवस पाणी बंद.

मीराबाईनं विचारलं, अन् काकू, तुम्ही गावाले गेल्या तर?

म्हटलं, तोटीले कुलूप लावून जाईन.

बाया एकदम चूप. इतक्या चूप की मले भरून आलं. एकमेकींकडे पाहून राहिल्या. पटलं म्हणजे असंच होते. डाळ चाटून पुसून संपली. ज्या घरची डाळ खाल्ली त्या घरची मतं पक्की; अन्नाशी कोणी बेइमान होत नाही. प्रेमलता म्हणाली, कुलपाचं बोलायले नको होतं. तिले राजकारण कळत नाही.

१३ एप्रिल, रविवार. मतदान

पहिलं मत माझं. मग शाळेच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसली. बाहेर आलेल्या एकेकीले विचारलं, छत्री ना? सगळ्या हसल्या. कौशल्या तर माझा हात धरून म्हणाली, तुम्ही काळजीच नका करू वं काकू. बाई वाटते तितकी वाईट नाही.

सुनेले विचारलं तर म्हणे, मत गुप्त असते. घरच्या घरी कसलं गुप्त! पण आनंदात होती, सोडून दिलं. नळाखाली बसवायले फरशी आणून ओट्याशी टेकवून ठेवली.

१४ एप्रिल, सोमवार, दुपार

देवराव पडला.

त्याचा एक पोट्टा येऊन सांगून गेला, आमच्या गल्लीच्या पेटीत छत्रीले मतं तीन. तीनशेत तीन! माझ्याच घरात पाच आहेत. मोजणाऱ्याले चष्मा नसेल. प्रेमलता मान खाली घालून तांदूळ निवडून राहिली. तांदूळ कालच निवडले होते.

संध्याकाळ

देवराव गल्लीतून गेला. कंबर ताठ.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळीच नत्थूजी पेढे घेऊन थेट माझ्याकडे. या वेळी वाकला. म्हणे, आजी, मी निवडून आलो तो तुमच्यामुळं. मी पेढा तोंडात टाकला. मनात म्हटलं, शेवटी कळलंच याले.

मग म्हणे, तुमच्या गल्लीत मले प्रचारच करावा लागला नाही. हळदीकुंकवाहून साऱ्या बाया सरळ माझ्या घरी आल्या. कपाळावरचं कुंकूही वाळलं नव्हतं. म्हणाल्या, भाऊ, नळ कुठंही लावा, फक्त आजीच्या दारी नका लावू.

पेढा अर्धा गिळला होता. थुंकताही येईना.

विचारलं, मग लावता कुठं? म्हणे, बायायनंच जागा ठरवली, कौशल्याबाईच्या ओट्याजवळ. म्हटलं, हरकत नाही. दार तिचं, शिस्त माझी. तिकडे कौशल्या ओटा झाडून राहिली होती. तिले हाक मारून विचारलं, माझ्या घराचा नंबर कितवा?

म्हणे, नंबर कशाले वं काकू? जी आधी येईल तिनं आधी भरावं.

म्हणजे रांगेत उभं राहायचं. मी!

नत्थूजी गुरुवारी सकाळी आठ वाजता इंजिनियर घेऊन येतो म्हणाला, खड्ड्याची जागा पाहायले. समोर.