वेदीवर राहिलेली गिटार

कोल्हापूर,
२६ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप आत्यास,
रिबकाचा सा. सलाम वि. वि.

देणाऱ्यानं जे दिलंच नाही, ते अर्पण देवाचं होतं का? आत्या, मी आपल्या घरातली पहिली बी. ए., पण दुपारपासून या प्रश्नापाशी अडून बसले आहे आणि मला उत्तर येत नाही.

आज आपल्या मंडळीचा कापणीचा सण झाला. नेहमीप्रमाणे लोकांनी ऊस, भात, भुईमूग, गुळाच्या ढेपा वेदीपुढं आणून ठेवल्या आणि उपासनेनंतर बाबांनी लिलाव पुकारला. बाबा आठवडाभर एसटीत कंडक्टर आणि सणादिवशी मंडळीचे वडील, पण आवाज दोन्हीकडं तोच. बोली तुटली की ते गाडी सोडल्यासारखं 'चला, डबल' म्हणतात आणि सगळं देऊळ हसतं.

आपल्या शामूचा 'यरीहो' बँड तू अजून ऐकलेला नाहीस. शिंगांच्या आवाजानं ज्या नगराचा तट कोसळला, त्याचं नाव आम्ही घेतलंय. शामू गिटार वाजवतो. त्याचा मित्र गौस ड्रम वाजवतो. गौसचे चुलते मीरासाब लग्नाचा बँड चालवतात, त्यातलाच तो ड्रम. गाणी मी लिहिते. येशूचीच गाणी, पण रॉकच्या ठेक्यावर, आपल्या वयाच्या पोरांचे पाय हलतील अशी. बाबांना ते पसंत नाही. म्हणतात, यरीहोचा तट पडला तेवढा पुरे, आमच्या देवळाची कौलं राहू द्या.

काल बाबा ड्यूटीवर असताना पाळकसाहेबांनी देऊळ उघडून दिलं आणि आम्ही सराव केला. जाताना शामू गिटार वेदीच्या कठड्याला टेकवून विसरला. आज सकाळी तिच्याभोवती उसाच्या मोळ्या येऊन पडल्या. बाबांनी भोपळा विकला, कोंबडा विकला आणि गिटार उचलली. म्हणाले, मंडळी, माझ्या पोरानं आपला हट्ट स्वतःच्या हातानं वेदीवर आणून ठेवला, मी देवाचे आभार कसे मानू? आत्या, बाबा रडले. बायांनी पदर डोळ्यांना लावले. एवढ्या लोकांत उठून 'मी विसरलो होतो' म्हणायला शामूची जीभ उचलली नाही. माझीही नाही. मागच्या बाकावरच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं बोली जिंकली आणि गिटार ट्रॉलीत टाकून नेली.

तो शिरोळकडचा आहे म्हणतात. वेदीवरची वस्तू देणाऱ्याच्या घरी परत येत नाही, हा आपला रिवाज तुला माहीत आहे. तरी त्याचा पत्ता लागला तर कळव. गिटारीशिवाय बँड नाही, आणि बाबांचे आभार एका चुकीवर उभे आहेत, हे मला सोसवत नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
रिबका

---

शिरोळ,
२ डिसेंबर १९७२

चि. रिबका हिस,
चिमणाबाई आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी गिटारीशेजारी बसूनच वाचलं. त्यो ट्रॅक्टरवाला म्हंजे आमचा शेजारी कृष्णात. सणासाठी मी त्याच्यासंगं दोन मोळ्या ऊस धाडला आणि सांगितलं, लिलावातनं घरात उपयोगी पडंल असं कायतरी आण. माझ्या मनात पाटा-वरवंटा हुता. त्या शान्यानं ही लाल बाई आणून दारात उभी केली. मी म्हटलं, अरं मुडद्या, हिच्यावर चटणी कशी वाटू? तर म्हणतोय, मावशी, तिथं समदी रडाय लागली, मला वाटलं लई मोलाची चीज असंल.

आता ऐक. ती देवाची झाली का न्हाय, मला बी कळत न्हाय. पर माझी झाली, ह्यात काय शंका न्हाय. रिवाज मोडायचा न्हाय, ती तुमच्या घरला येणार न्हाय. पर माझ्या घरी येऊन कुणी वाजवायची न्हाय, असा रिवाज मी तरी ऐकला न्हाय. आयतवारी दुपारी या. त्या गौसला बी आणा. अट येकच हाय. शामूनं आधी बापाला खरं सांगायचं. गुंडू माझा धाकटा भाऊ हाय. त्याचा राग लई बगितलाय मी, तेला भ्यायचं कारण न्हाय. पर त्याला फसवून माझ्या दारात आलात तर मी चुलीतलं लाकूड काढीन.

आणि बी. ए. बाई, पोस्टमन दिसला की मला वाटतं तुझ्या लग्नाचं पत्र आलं. तू गिटारीचं धाडतीस.

जीवाला जप. म्हातारीला इसरू नको.
तुझी आत्या,
चिमणाबाई

---

कोल्हापूर,
३० डिसेंबर १९७२

तीर्थरूप आत्यास,
सा. सलाम वि. वि.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात जे झालं, त्याबद्दल आभार मानायला शब्द शोधते आहे. मीरासाबांचा लाऊडस्पीकर, कृष्णातच्या ट्रॅक्टरची बॅटरी, ऊसतोडीची पोरं आणि तू दिलेली जर्मनची पातेली उलटी घालून गौसनं वाढवलेला ठेका! तुझ्या कोंबड्यांनी अंडी द्यायची बंद केली असतील तर तो दोष यरीहोचा.

शामूनं तुझी अट आधीच पाळली होती, पण काय झालं ते त्या गर्दीत सांगता आलं नाही. बाबा जेवत होते. सगळं ऐकून त्यांनी भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, मी साऱ्या मंडळीपुढं देवाचे आभार मानलेत, ते काय परत घेणार नाही. तू दिलीस का देवानं घेतली, हे तुमचं तुम्ही दोघं बघून घ्या. पण मी मंडळीचा वडील आहे तोवर आपल्या देवळात हे वाजायचं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शामूला मी समजावलं की बाहेर वाजवायला मुलूख मोकळा आहे. त्यानं उत्तर दिलं, की गावभर वाजवलं आणि बाबांनी एकदा ऐकलं नाही, तर मी कुणाला वाजवून दाखवलं? पण आत्या, मी आशा सोडलेली नाही. मी दर रविवारी याच एका गोष्टीसाठी प्रार्थना करते.

तुझ्या अंगणाची ऋणी,
रिबका

---

शिरोळ,
१८ सप्टेंबर १९७४

चि. रिबका हिस,
आत्याचे आशीर्वाद. मी खुशाल हाय, गुडघं सोडून.

तू लिवलंस की बाबांनी आयतवारची दुपारची शिरोळची गाडी मागून घेतलीया, तुमाला वचक बसावा म्हणून. गाडीत ते तुमच्याशी बोलत न्हाईत, आणि ड्रमच्या लगेजचं तिकीट मात्र दर खेपंला फाडत्यात. गौस मला हसून सांगत हुता, आत्या, तुमच्या भावानं माझा ढोल सरकारी केला.

पर पोरी, तुला येक सांगते, शामूला सांगू नको. गाडी हितं आली की तास दीड तास उभी असती. डायव्हर च्याच्या टपरीवर बसतो. मी कृष्णातला इचारलं, आमचा गुंडू कुठं बसतो? तर म्हणाला, ते कदी बसत्यातच न्हाईत. गेल्या आयतवारी तुमी गाऊन गेलासा आणि गुंडू पानी प्यायला म्हणून दारात आला. खाकी शर्टाला पाठीवर उसाचं पाचट चिकटलेलं. कानाजवळ पात्यानं कापलेलं. आमच्या परसामागं ऊस डोक्याएवढा हाय, तिथं आत उभा ऱ्हायल्याबिगर असं कापत न्हाय. मी पाचट झाडलं आणि पानी दिलं. जाताना म्हणतोय कसा, आक्का, ते मधलं गाणं लई वरच्या सुरात घेत्यात, पोराचा गळा बसंल.

तवा मधलं गाणं जरा खाली घ्या. का ते शामूला सांगू नको.

आशीर्वाद हाय, त्यो वाढतोच हाय.
चिमणाबाई

---

कोल्हापूर,
९ मार्च १९७७

तीर्थरूप आत्यास,
सा. सलाम वि. वि.

मधलं गाणं खाली घेतल्यापासून यरीहोचं नशीब वर गेलं, असं मी मनात म्हणते. तू दर वेळी गिटार उसनी देत गेलीस आणि आम्ही मिरज, सांगली, सोलापूर, नगर करत गेलो. सोलापुरात तरुणांच्या मेळाव्यात वीज गेली, तर पोरांनी अंधारात टाळ्यांवर माझं गाणं पुरं केलं. मी मागं उभी राहून ऐकत होते. माझे शब्द अनोळखी माणसांच्या तोंडी! इतकं मिळालं की मागायची लाज वाटते.

पुण्याची बातमी मात्र तुला उडत उडत कळायच्या आधी मीच सांगते. तिथल्या एका गृहस्थांनी आमची रेकॉर्ड काढायची तयारी दाखवली. सगळं ठरत आलं तेव्हा म्हणाले, बँड ख्रिस्ती आहे, तेव्हा ड्रमवर ख्रिस्ती मुलगा घ्या. गौस तिथंच बसला होता. तो हसून उठला आणि म्हणाला, शामू, तू काढ रेकॉर्ड, मी भायेर बिडी ओढून येतो. शामूनं गिटार पिशवीत घातली आणि म्हणाला, थांब, मी पण येतो, मला बिडी चालत नाही, पण येतो. अशी आमची रेकॉर्ड झाली. मी आधी रडले, मग मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला.

बाबांना हे मीरासाबांनी सांगितलं. परवाच्या रविवारी शिरोळच्या गाडीत गौसनं लगेजचे पैसे पुढं केले, तर बाबांनी त्याचा हात बाजूला सारला. तिकीट नेहमीसारखं फाडलं, मग आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढून कंडक्टरच्या पिशवीत टाकले आणि पुढच्या बाकाकडं गेले. गौस शिरोळपर्यंत ते तिकीट हातात धरून बसला होता.

देऊळ आम्हाला अजून बंदच आहे. शामू आता विचारत नाही. मीच प्रार्थना करते.

लोभ उसाच्या काकवीसारखा असू दे, घट्ट.
रिबका

---

शिरोळ,
२० ऑक्टोबर १९७९

चि. रिबका हिस,
आत्याचे आशीर्वाद.

शामू आणि गौस दोघं येऊन सांगून गेलं. मीरासाबांचं दात पडलं, आता त्यांना क्लॅरिनेट फुंकवत न्हाय, तवा लग्नाचा बँड गौसनं बगायचा. शामूला नगरच्या शाळंत मास्तरकी लागली, नाताळानंतर जाणार. म्हंजे यरीहो मोडला. दोघं माझ्या अंगणात बसून शेंगा खात हुतं, आणि येकमेकाकडं बगत न्हवतं. मला लई वंगाळ वाटलं.

शामू गिटार न्यायला तयार न्हाय. म्हणतोय, ती आत्याची हाय. मी हिच्यावर अजून बी चटणी वाटू शकत न्हाय. सात वर्सं माझ्या घरात ऱ्हायली, तिचं काय करायचं ते मीच ठरवायचं न्हवं? मग मी ठरवलं, ती तुला दिली. कृष्णातसंगं पाळकसायबांच्या घरी पोच करते, म्हंजे रिवाज बी मोडायला नको. पुढं काय करायचं ते समद्यांना इचारून तू ठरव. तू शिकलेली हाईस.

माझा गुडघा आता गाडीत चढू देत न्हाय. तूच पत्र घालत जा.
तुझी आत्या,
चिमणाबाई

---

कोल्हापूर,
२५ नोव्हेंबर १९७९

तीर्थरूप आत्यास,
सा. सलाम वि. वि.

आज आपल्या देवळात यरीहो वाजला. कौलं जागेवर आहेत.

आत्या, शामूनं मधलं गाणं म्हटलं, खालच्या सुरात. गौस मागच्या दारात मीरासाबांना घेऊन उभा होता. त्याच्याकडं ड्रम नव्हता, म्हणून त्यानं देवळातला रिकामा पत्र्याचा डबा गुडघ्यात धरला. बाबा वेदीजवळ उभे राहून ऐकत होते. या वेळी मध्ये ऊस नव्हता. गाणं संपलं तेव्हा त्यांनी शामूच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, की आता बरोबर सूर लागला. शामू वाकून गिटारीच्या तारा पुसत बसला, त्या पुसायची काही गरज नव्हती.

मग गिटारीचा लिलाव. बाबांनी पुकारायचं काम पाळकसाहेबांना दिलं, खाली येऊन बाकावर बसले आणि स्वतः बोली लावली. त्यांच्यावर कुणी बोली केली नाही. पाळकसाहेबांना पुढं काय म्हणायचं सुचेना, तर मागून गौसच ओरडला, चला, डबल! सगळं देऊळ हसलं. बाबांनी गिटार घरी आणली नाही. हार्मोनियमच्या शेजारी ठेवली आणि मंडळीला सांगितलं, ज्याच्या पोराला वाजवावीशी वाटेल त्यानं शनिवारी यावं. शामू जाईपर्यंत दोन-चार जणांचा हात बसवून जाणार आहे. तो हलका झालाय. मला काही मागायचं उरलं नाही म्हणून आज नुसते आभार मानले, पहिले तुझ्या अंगणाचे.

शेवट आधी सांगितला, आता सुरुवात सांगते. सात वर्षांपूर्वी मी तुला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला आजही येत नाही. तू लिहिलंस, सगळ्यांना विचारून ठरव. बाबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, शामूला विचारलं असतं तर तो बाबांकडं बघत बसला असता. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. आज सकाळी कुणी यायच्या आधी पाळकसाहेबांकडून गिटार घेतली आणि वेदीपुढं ठेवली. कठड्याला टेकवून नाही, अगदी मधोमध, उसाच्या पुढं.

बाबा भोपळा विकून गिटारीपाशी आले आणि थांबले. उचलली नाही. मागच्या खेपेला जे विचारायचं राहून गेलं होतं ते त्यांनी साऱ्या मंडळीपुढं विचारलं, ही हितं कुणी ठेवली, का ह्या खेपंला बी कुणी इसरलंय? शामू माझ्याकडं बघायला लागला. मी उभी राहिले. म्हणाले, कुणी विसरलं नाही, बाबा, ही आता माझी आहे आणि मी ती दिली. बाबा शामूकडं वळले. मग म्हणाले, मागल्या बारीला मी माल न दाखवता विकला. शामू, आधी वाजवून दाखव.

पुढचं तुला वर सांगितलंच आहे. तू विचारलं होतंस, गिटारीचं काय करायचं. मी दिली, आत्या. दिली.

तुझीच,
रिबका