वन्सं, ते कात्रण मीच वाचलं

सांडोर, १२ ऑगस्ट २००४

सौ. नर्मदावन्सं यांस नमस्कार.

माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. "मावशी, रोज एक गोळी, घाबरायचं नाही," माणिकपूरचे डॉक्टर म्हणाले. तुमच्या भावाला दिली होती, तीच गोळी.

तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दादा हट्टी. डॉक्टरचं ऐकलं नाही, म्हणून गेला." मी मान खाली घालून ऐकलं. वन्सं, ते गोळी घेत होते. मी शाळेत न जाता वाचायला शिकले, याचा मला ताठा होता. या गोळ्यांनी यकृत बिघडतं, असं पेपरात आलं होतं. मी ते कापून ठेवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "घरात वाचणारी बायको असताना डॉक्टर कशाला?" म्हणून ते हसले आणि गोळ्या बंद केल्या. सात महिन्यांनी केळीला पाणी लावताना त्यांच्या छातीत कळ आली.

आठ दिवस गोळी हातात घेते आणि परत ठेवते. यकृताची भीती नाही. ती घेऊन मी धडधाकट राहिले, तर तेही राहिले असते, याची भीती वाटते.

आज घेतली. हे पत्र टपालात टाकायचं धाडस मात्र होत नाही.

तुमची वहिनी,
मनोरमा