गव्हावरचं अक्षर

आई, आज हाउन्सलोच्या सुपरमार्केटमध्ये ऑलिव्ह ऑइलसमोर उभी राहिले आणि मला हसू आलं. तू इंग्लंडला आलीस तेव्हा हे तेल केमिस्टकडे मिळायचं, बोटाएवढ्या बाटलीत, कानात घालायला. आता त्याची अख्खी भिंत आहे, शेजारी हमस, चीज, डाळिंबाचा पाक. हे इथल्या लोकांच्या जिभेवर चढवलं ते तुझ्या मालकिणीसारख्या माणसांनी. सायप्रसची ती म्हातारी, कायम काळ्या कपड्यांत. तिच्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये तू कितीतरी वर्षं कांदे चिरलेस. पहिल्यांदा हमस चाखून तू म्हणालीस, "हरभरे नि तीळ वाटलेत, फोडणी द्यायची राहिली." त्यावर ती म्हणाली, तुमचं जिरंसुद्धा आमच्याच समुद्राकाठून गेलंय. तू दोन दिवस तिच्याशी बोलली नाहीस. जिऱ्यावरून अबोला धरणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

एक पदार्थ मात्र तू तिच्याकडून मुकाट्याने शिकलीस. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, दालचिनी, वर पिठीसाखरेचा थर आणि त्यावर सोललेल्या बदामांनी काढलेलं एक अक्षर. तिच्या लोकांत तो मेलेल्या माणसासाठी करतात, अक्षर त्याच्या नावाचं. चर्चच्याही आधीपासून चालत आलंय म्हणे. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. दर मार्चमध्ये एका दुपारी तू ती ताटली मागच्या दाराच्या पायरीवर ठेवायचीस आणि संध्याकाळी जशीच्या तशी आत आणायचीस. एक दाणा कमी नसायचा. कावळासुद्धा शिवायचा नाही. मी विचारलं की म्हणायचीस, "ऑर्डर होती, कॅन्सल झाली."

मी आठ वर्षांची आहे. शाळेतून येते, तू वरच्या खोलीत इस्त्री करतेयस. पायरीवर ताटली, तिच्यात माझ्या नावाचं अक्षर. मला वाटतं, यंदा माझ्यासाठीच केलंय. मी भराभर बदाम तोंडात कोंबते आणि तेवढ्यात तू दारात येतेस. रिकामी ताटली बघतेस. तुझा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिलेला नाही. "तू खाल्लंस? सगळं?" मी तोंड उघडायच्या आत तुझा फटका बसतो. "ते तुझं नव्हतं!" मी रडत ओरडते, "हो, मीच खाल्लं! माझं लेटर होतं!" तू रिकामी ताटली उचलून आत जातेस. त्यानंतर ती ताटली तू कधीच ठेवली नाहीस.

तू गेल्यावर तुझ्या कागदांत एक मृत्यूचा दाखला सापडला. त्यावर माझंच नाव, पण तारीख माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीच्या मार्चमधली. माझ्याआधी झालेली ताई चारच दिवस जगली होती. आपल्यात एवढ्या लहान बाळाला पिंड देत नाहीत, म्हणून तू परक्या समुद्राकाठची रीत उसनी घेतलीस आणि दर वर्षी ती येईल म्हणून वाट पाहिलीस. मला आधी रागच आला. गेलेल्या मुलीचं नाव तू मला लावलंस. आता राग नाही, पण त्या नावाने कुणी हाक मारली की मी अजून क्षणभर थांबून ओ देते.

आज मी गहू उकडलेत. दोन ताटल्या केल्यात, एक तुझ्या अक्षराची, एक आम्हा दोघी बहिणींच्या. पायरीवर ठेवून इथे टेबलाशी बसलेय. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा ते ड्रॉवरमध्येच राहील.

एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी गहू मी खाल्ले नव्हते. मी आले तेव्हा ताटली चाटूनपुसून साफ होती. फक्त बदाम होते, अक्षर तसूभरही हललेलं नव्हतं. नवरा म्हणतो, कोल्हा असेल. कोल्हा अक्षर सोडून खातो का? मी खरं सांगणार होते, पण तू मारलंस आणि मी हट्टाने उलटं बोलले. ती आली होती, आई. मी तुला कळू दिलं नाही.