खडीवरची सायकल आणि आईची जागा

ओल्शोवा, सप्टेंबरचा शेवटचा रविवार, चर्चमधून परतल्यावर

आदरणीय आणि सध्या माझ्यावर भयंकर रागावलेल्या गेनियाताईस,

धाकट्या रोमुआल्दचा, तुझा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावरून, सादर नमस्कार. इकडे मी खुशाल आहे, कोंबड्या खुशाल आहेत, डाव्या कोपराचं खरचटलेलं भरत आलं आहे. तुझी तब्येत कशी आहे? आणि मुख्य म्हणजे गुडघा? (गुडघ्याची चौकशी मी गेली सहा वर्षं दर पत्रात करतो आणि तू दर पत्रात 'तसाच' असं कळवतेस. घराण्यात एवढं स्थिर दुसरं काही नाही.) व्रोत्सवाफच्या त्या चार जिन्यांवरून सांभाळून उतरत जा.

तुझं कार्ड मिळालं. वर व्रोत्सवाफच्या पुलाचं सुंदर चित्र आणि मागे दोनच ओळी: 'आईची जागा तू जगाला वाटलीस. यंदा नाताळला कार्प मासा घेऊन माझ्या दारात उभा राहू नकोस.' वाचून मी तासभर खुर्चीवरून उठलो नाही, हे खरं सांगतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या टेबलाशिवाय मला जगात दुसरं टेबल नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि म्हणूनच तू नेमकं तेच लिहिलंस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पण आधीच बजावून ठेवतो, हे माफीचं पत्र नाही. मी माफी मागणार नाही.

आता पहिला मुद्दा. सायकल कुणाची? तुझ्या मुलाची. कोर्नेलने स्वतःला नवी घेतली आणि जुनी माझ्या अंगणात आणून उभी केली. 'मामा, आता निवृत्त झालात, घरात बसून भिंतींशी बोलू नका,' म्हणाला. (मी भिंतींशी बोलतो हे त्याला कुणी सांगितलं? तूच.) या सायकलीला ग्रॅव्हल म्हणतात, म्हणजे मुद्दाम खडीवर चालवायची सायकल. मला हसू आवरेना. ताई, पस्तीस वर्षं माशांच्या तळ्यांवर नोकरी करताना बांधांवर ढकलगाडीने खडी कुणी टाकली? मी. वाहून गेली की पुन्हा कुणी टाकली? मी. तिच्यावर कुणाचा घोटा मुरगळला की शिव्या कुणी खाल्ल्या? मीच. आणि आता त्याच खडीवर गदागदा हलायला पोझ्नानहून, वॉर्साहून माणसं येतात आणि 'काय सुंदर खडी आहे हो' म्हणतात. कष्टाचं चीज झालं, पण केवढ्या उशिरा!

सायकलीला घंटी नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. आपल्या वडिलांनी ती बघितली असती तर अर्धी चोरीला गेली असं समजून पोलिसांत गेले असते. सोबत कोर्नेलने बुडाला गादी शिवलेली एक काळी घट्ट चड्डीही दिली. ती चढवून पहिल्या दिवशी दुकानावरून गेलो, तर बाकावर फ्लोरेंतिनाबाई बसलेली. (तीच, जिचं कुंपण आपल्या कुंपणाला लागून आहे आणि कान आपल्या स्वयंपाकघराला.) 'रोमुआल्द, पँट वाळत घातलीयस वाटतं?' सगळा बाक हसला. मी म्हटलं, 'नाही बाई, तुमच्या नजरेला घाबरून पळून गेली.' आणि तोऱ्यात पायडल मारलं. दहा हातांवर पडलो, पण तोपर्यंत वळणाआड गेलो होतो, तेव्हा ते धरू नये.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बांधावर बगळा उडाला. मी बगळ्याकडे बघितलं आणि सायकल गेली साधूवर. (तळ्याचं पाणी सोडायच्या सिमेंटच्या पेटीला आपण साधू म्हणतो हे तुला सांगायला नको, तुझ्या शहरी मुलाला मात्र तू कधीतरी सांगायला हवं होतंस.) मी फोनवर एवढंच म्हटलं, 'कोर्नेल, मी साधूला धडकलो.' तो हादरला. 'मामा, ते शुद्धीवर आहेत का?' मी म्हटलं, 'तो कसला शुद्धीवर, चाळीस वर्षं गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे.' त्याने फोन ठेवून थेट रुग्णवाहिका पाठवली. ती आली. बांधावर वळायला जागा नसल्याने तिला दीड किलोमीटर उलटी जावं लागलं, आणि तिचा चालक मला जे म्हणाला ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.

पण मी सायकल सोडली नाही. लहानपणापासून तू मला 'धरसोड्या' म्हणत आलीस ना? मग ऐक. तीन आठवड्यांत मी अडतीस किलोमीटरची फेरी बसवली. क्रूसापासून निघायचं, दोन तळ्यांमधल्या बांधाने जायचं (डावीकडे तळं, उजवीकडे तळं, मध्ये आपण, आणि डासांना दोन्हीकडून सोय), मग पाइनच्या जंगलात वाळूचा पट्टा लागतो. तिथे चाकं रुततात, म्हणून तेवढा वेळ सायकल माणसावर बसते. तो पार केला की जुने ओक. आणि ओकांपाशी, मोडक्या पुलाच्या पलीकडे... (बघ, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तरी हात पुढे लिहीत नाही.)

ती आईची जागा. मी ती विसरलो असं तू समजतेस? तू अकरा वर्षांची होतीस, मी सात. आईने आपल्याला तिथे नेलं, प्रार्थनेच्या पुस्तकावर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली, की ही जागा नवऱ्याला सांगायची नाही, बायकोला सांगायची नाही आणि पाद्रीबाबांना तर मुळीच नाही. त्या जाड पायाच्या, तपकिरी टोपीच्या बोरोविक अळंब्या मी दुसरीकडे कुठे बघितल्या नाहीत. आईची पद्धतही आठवते: अळंबी उपटायची नाही, चाकूने तिरपी कापायची, कापलेल्या जागेवर शेवाळाची गादी घालायची आणि वर पाइनचं एक बोंड ठेवायचं, जंगलाचे आभार म्हणून. साऱ्या पोलंडमध्ये असं बोंड ठेवणारी आता दोनच माणसं उरली आहेत. हालिनाला चौतीस वर्षांच्या संसारात मी ती जागा सांगितली नाही. ती गेली तेव्हाही सांगितली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता दुसरा मुद्दा, ते बटण. माझ्या फोनमध्ये अ‍ॅप कुणी घातलं? तुझ्या मुलाने. 'मामा, निघताना हिरवं बटण दाबा, परत आल्यावर पुन्हा दाबा, झालं.' मी दाबलं. या अ‍ॅपमध्ये आपण गेलो तो सगळा रस्ता नकाशावर लाल दोऱ्यासारखा उमटतो, आणि तो साऱ्या जगाला दिसतो. माझा दोरा बांधावरून सरळ जातो, जंगलातून सरळ जातो, आणि ओकांपाशी सत्तेचाळीस मिनिटं कोंबडीने उकिरडा उकरावा तसा गिरगटतो. परदेशी माणसाला वाटलं असतं की बिचाऱ्याचं टायर फुटलं. आपल्या माणसाला कोण फसवणार? सप्टेंबर महिना, ओकांचं जंगल आणि एक म्हातारा सत्तेचाळीस मिनिटं गोल गोल फिरतोय! त्यात फेरीला नाव द्या म्हणून फोन मागे लागला, तर मी 'भरली टोपली' असं देऊन बसलो.

पुढच्या रविवारी अर्धं चर्च रिकामं. पाद्रीबाबांनी प्रवचन सात मिनिटांत उरकलं. त्यांचीही टोपली दाराबाहेर तयार होती हे मला नंतर कळलं. मी जागेवर पोचलो तेव्हा तिथे जत्रा. हँडलला वेताच्या टोपल्या अडकवलेली चाळीस-पन्नास माणसं, सगळी खाली वाकलेली, आणि सगळी एकमेकांना सांगतायत की आम्ही फक्त व्यायामाला आलोय. फ्लोरेंतिनाबाई, वय चौऱ्याहत्तर, सायकल नुसती हातात धरून चालत होती. मी विचारलं, 'बाई, ही चालवता येते का तुम्हाला?' तर म्हणे, 'चालवायला कशाला हवी? सायकलच्या वाटेवर सायकल बरोबर असली की कुणी बोलत नाही.' एवढ्या सगळ्यांना मिळून मिळाल्या अकरा अळंब्या आणि एक मोडकी छत्री.

बातमी तुझ्यापर्यंत गेली (कुणाकडून ते मी विचारत नाही, कुंपणाला कान आहेत) आणि तू कोर्नेलकरवी निरोप धाडलास की तो मार्ग पुसून टाक. नाही पुसणार. का पुसू? पस्तीस वर्षं मी रोज सकाळी तळ्यातल्या कार्पना हात केला, एकानेही उलट केला नाही. आता शनिवार-रविवारी अनोळखी माणसं बांधावरून ओरडतात, 'रोमुआल्दसाहेब, शाबास!' त्या वाटेला त्यांनी 'रोमुआल्दची फेरी' असं नाव पाडलं आहे. परवा ग्दान्स्कचं एक जोडपं पाणी मागायला दारात आलं आणि सूप पिऊन दोन तासांनी गेलं. ताई, हालिना गेल्यापासून मी रविवारी सवयीने दोन ताटल्या मांडतो आणि एक उचलून ठेवतो. त्या दिवशी उचलावी लागली नाही, उलट एक जास्त काढावी लागली. त्याबद्दल मी तुझी, आईची, कुणाचीही माफी मागणार नाही. नाताळला एकटं बसव हवं तर. मी कार्प तळीन आणि भिंतींना वाढीन.

शेजाऱ्यांना नमस्कार सांग, कोर्नेलला ब्रेकच्या नव्या पट्ट्या पाठवायला सांग, आणि स्वतःला जप.

तुझा धाकटा, हट्टी आणि सायकलस्वार भाऊ,
रोमुआल्द

ता. क. गुडघ्याला बदकाची चरबी चोळून बघ. फ्लोरेंतिनाबाई देते म्हणाली.

आणखी एक ता. क. वर बटणाचं लिहिलं ते अगदीच खरं नाही. ते हिरवं बटण नुसतं रस्ता मोजतं. सगळ्यांना दाखवायचं बटण निराळं आहे. कोर्नेलने मला फोनवर तीनदा विचारलं, 'मामा, नक्की सगळ्यांना दाखवायचं?' मी तीनदा हो म्हटलं. पोराला बोलू नकोस.

तिसरा ता. क. टोपली भरली नव्हती. रिकामी होती. सत्तेचाळीस मिनिटं मी अळंब्या काढत नव्हतो, बोंडं मोजत होतो. शेवाळाच्या गादीवर नीट ठेवलेली पाइनची बोंडं. एकतीस भरली. गेल्या वर्षी एकोणीस होती, त्याच्या आदल्या वर्षी चोवीस. पहिल्या वर्षी मला वाटलं आईच येऊन गेली. मग बसचा ड्रायव्हर म्हणाला, 'तुमच्या ताई या वयातही काय टुणकन उतरतात हो!' सहा वर्षं, ताई. दर सप्टेंबरला सकाळच्या पहिल्या बसने येऊन दुसऱ्या बसने परत. त्या जागेपासून माझं घर दोन किलोमीटरवर आहे. अळंब्या तू सगळ्या नेल्यास त्याचा मला राग नाही. तू आलीस आणि आली नाहीस, याचा आहे. म्हणून बटण दाबलं आणि संधी मिळाली तर पुन्हा दाबीन.

शेवटचा ता. क. त्या जागेवर आता तुझ्यासाठी काही उरलेलं नाही. पण आईने मला एक दुसरी जागाही सांगितली होती, 'गेनियाला सांगू नकोस, ती एकही मागे ठेवत नाही' असं म्हणून. (तुलाही तिने माझ्याविरुद्ध एक तिसरी सांगितली असणार; आईला मी ओळखतो.) ती फेरीवर नाही, नकाशावर नाही, आणि तिथे जाताना मी फोन पावाच्या डब्यात ठेवून जातो. हालिनाच्या सायकलीत हवा भरली आहे आणि सीट तुझ्या उंचीला दोन बोटं खाली केली आहे. येत्या शनिवारी पहिल्या बसने ये, आईचा चाकू आण. बसथांब्यावरून डावीकडे जंगल आणि उजवीकडे माझं घर. सहा वर्षं तू डावीकडे वळलीस, या वेळी उजवीकडे वळ. दोन ताटल्या मांडलेल्या असतील. सूप मिळेल, चहा मिळेल. माफी मिळणार नाही.