मामा रुसले नाहीत

माजलगाव, ता. ९ फेब्रुवारी २०२५

॥ ॐ नमः शिवाय ॥

चि. सौ. शिवगंगा हिस, रेवणसिद्धचे अनेक आशीर्वाद.

ईश्वरीची सुपारी फुटली, आनंद झाला. फोनवर मी तुटक बोललो त्याचा राग धरू नको. दुकान पुढं, घर मागं, मधे एक पडदा. बोललेलं सगळं तुझ्या वहिनीला ऐकू जातं आणि वजनकाटा दुरुस्तीला घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकालाही. म्हणून कागद घेतला.

मुद्दा असा, की लग्नात मामा म्हणून ईश्वरीच्या मागं संगमेश्वरला उभा कर. चुलत असला तरी भाऊच आहे, उंच आहे, फोटोत चांगला दिसतो. कारण विचारशील म्हणून खरं सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगू नको.

दिवाळीनंतर तलवाड्याच्या लग्नात मी अक्षता पडायच्या आत उठून गेलो. सगळे म्हणाले, रेवणअण्णा रुसले. मी रुसलो नव्हतो. चारी बाजूंनी माणसं दाटली तशी आधी बोटांची टोकं बधिर झाली, मग जबडा आवळला, मग श्वास. येत होता, पण पुरेना. आता इथंच मरणार अशी खात्री झाली. कनातीखालून वाकून आचाऱ्याच्या चुलीपाशी निघालो. तिथं नवऱ्याकडचे दोघं टॉवेल-टोपी घेऊन मागं आले, मानपानात चुकलं असेल तर पदरात घ्या म्हणाले. मी टोपी घालून घेतली. घाबरला म्हणण्यापेक्षा रुसला म्हटलेलं बरं वाटलं.

ईसीजी काढला, स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाला, गॅस. पण आता एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत, देवाच्या गाभाऱ्यातसुद्धा तेच होतं. जिथून आपल्या मनानं उठता येत नाही तिथं मी बसतच नाही, आणि अशा जागा किती असतात ते आता कळतंय. मोबाईलवर बघून श्वासाचे प्रकार शिकतो आहे. इलेक्ट्रॉनिक काटे कुणी न शिकवता शिकलो, हेही जमेल. तुझ्या मांडवापर्यंत जमेल असा मात्र भरवसा नाही.

केदारनाथरावांस नमस्कार. आहे ती माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा, रेवणअण्णा


लिंबागणेश, ता. १७ फेब्रुवारी २०२५

ती. रेवणअण्णास, धाकट्या शिवगंगाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग टोपीचं वाचून हसले. सगळी भावकी तुला रुसका म्हणते अन् तू ते मिरवत बसलास!

संगमेश्वर उभा राहणार नाही. सख्खा मामा असताना चुलत काहून, असं पहिल्या पंगतीलाच विचारतील. ईश्वरीचं सासर मानपानाला लई कडक हाय. तू आला नाहीस तर मामानं अपमान केला म्हणतील, अन् अर्ध्यातून उठलास तर दुप्पट. ते ऐकून घेत संसार ईश्वरीला करायचाय.

तुझा शब्द मी मोडला. ईश्वरीला सांगितलं. ती नर्सिंग शिकलेली; हसली नाही. म्हणाली, हे लई जणांना होतं, अन् त्याचा इलाज बोलण्यानं होतो. तुमच्याच गावच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी समुपदेशनाच्या मॅडम बसतात. तिथं गेलं म्हणजे डोकं फिरलं, असं नसतं.

तुला गुरू लागत नाही हे मान्य. पण लहानपणी डोळ्यात कुसळ गेलं तेव्हा तू सकाळभर आरशापुढं बसलास, अन् काढलं शेवटी मीच, परकराच्या टोकानं.

रागापेक्षा लोभ जास्त असू द्यावा.

शिवगंगा


माजलगाव, ता. २८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवगंगा हिस अनेक आशीर्वाद.

काल गेलो होतो. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दवाखान्यात कुणी एकटं जात नाही, म्हणून शेजारच्या गॅरेजच्या हबीबला सोबत घेतलं. बाकावर धान्याच्या मोंढ्यातला परमेश्वर आडत्या बसलेला. कुणाला दाखवायचं, म्हणाला. मी म्हणालो, ह्या हबीबला. हबीबनं माझ्याकडं एकदा बघितलं अन् लगेच कपाळाला हात लावून कण्हायला लागला.

आत मॅडमनी, सत्यशीला त्यांचं नाव, पेशंट कोण ते विचारलं. तोंडातून तेच निघालं, हबीब. मग हबीबला काय काय होतं ते मीच सांगितलं: बोटं, जबडा, श्वास, एसटी. त्यांनी त्याला विचारलं, असं होतं का? तो म्हणाला, अण्णा म्हणतेत म्हंजी होत असंल. मग त्यांनी झोपेचं विचारलं. हबीब म्हणाला, झोप लागते, फक्त अम्मी गेल्यापासून पहाटे तिच्या खोकल्याची वाट बघत जाग येते. एवढं बोलला अन् त्याला पुढं बोलताच येईना. गुडघ्यात तोंड घालून रडला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून दुकान, अन् मला ठाऊक नव्हतं.

ह्या सगळ्यात मॅडमनी दार लोटलं होतं. मी उठून किलकिलं केलं. बाहेर परमेश्वरचं डोकं दिसलं म्हणून लोटलं. श्वास अडकला म्हणून पुन्हा उघडलं. बंद केलं तर जीव जातो, उघडं ठेवलं तर अब्रू. निघताना त्यांनी हबीबला पुढचा गुरुवार दिला, अन् मला म्हणाल्या, तुम्हीही या.

मी जाणार नाही. संगमेश्वरचं बघ.

चुकलं माकलं धरून लोभ कमी करू नको.

रेवणअण्णा


लिंबागणेश, ता. ७ मार्च २०२५

ती. रेवणअण्णास सा. न. वि. वि.

हसून हसून ठसका लागला, ह्यांनी पाणी आणून दिलं. सोंग काढायला माणूस नेला अन् खरं दुखणं त्याचंच निघालं! हबीबभाईंना माझा सलाम सांग.

आता हसणं पुरे. संगमेश्वरचं नाव काढलं तर ईश्वरी म्हणाली, मामा नसतील तर माझ्या मागं कुणीच नको, जागा रिकामी राहू दे. तिच्या सासऱ्यांनी काल फोनवर मुद्दाम विचारलं, मामा येणार ना? मी हो म्हणाले. बोलून बसले आहे. जा, अन् ह्या वेळी स्वतःचं नाव सांग.

उत्तराची अन् तुझी, दोन्हींची वाट बघते.

शिवगंगा


माजलगाव, ता. २१ मार्च २०२५

चि. सौ. शिवगंगा हिस अनेक आशीर्वाद.

गेलो. मॅडमनी विचारायच्या आत म्हणालो, पेशंट मी. त्या म्हणाल्या, तुम्ही सारखे उठून दाराशी जात होता तेव्हाच कळलं. दाराचं काय करायचं ते त्यांनी मलाच विचारलं. मी व्हरांड्यातलं स्टूल उंबऱ्याशी ठेवलं, दार अर्धं उघडं, अन् स्टुलावर हबीब बाहेर तोंड करून. तो बाकावरच्या लोकांना कार्बोरेटर समजावून सांगत बसला, इतक्या मोठ्यानं की माझं मलाच ऐकू येईना.

गोळी नाही, गंडा नाही. त्या विचारतात अन् गप्प बसतात. ते गप्प बसणं लई जड. माझे श्वासाचे प्रकार सांगितले तर म्हणाल्या, तुम्ही ह्याला काट्यासारखं उघडून दुरुस्त करायला बघता. पळू नका, दुरुस्तही करू नका. चढेल, मग उतरेल, बसून बघा. मला राग आला. काहीच न करणं ही काय शिकायची गोष्ट आहे?

घरचा अभ्यास म्हणून न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. अर्धी दाढी झाली अन् तोंडाला साबण तसाच, मोंढ्यातून चालत घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. चढलं, मग उतरलं. एसटीत मात्र सिंदफणेच्या पुलाआधीच हात दाखवून उतरलो.

तुझ्या वहिनीला, सुभद्राला सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक हाय. मी उठून सारखा मागच्या दाराशी जातो म्हणून तलवाड्याच्या लग्नापासून ती त्याची कडीच लावत नाही.

हबीबच्या मोटारसायकलवर येईन. उभा राहीन की नाही, शब्द देत नाही. मांडवाच्या डाव्या अंगाची कनात खालून मोकळी ठेव. बघणाऱ्याला ती बांधलेलीच वाटली पाहिजे.

भाऊ असा आहे. तसाच संभाळून घे.

रेवणअण्णा


माजलगाव, ता. ९ मे २०२५

चि. सौ. शिवगंगा हिस अनेक आशीर्वाद.

मांडवातून निघताना तू डोळ्यांनीच विचारलंस, त्याचं उत्तर लिहितो.

अंतरपाट धरला, माणसं दाटली, तसं बोटांपासूनच सुरू झालं. डावीकडं कनात सांगितली होती तशीच मोकळी होती. खालून उन्हाची पट्टी दिसत होती, अन् पलीकडं उभ्या हबीबच्या चपला. सगळं अंग तिकडं ओढत होतं. मी ईश्वरीचा खांदा धरला. ती मान न वळवता म्हणाली, मामा, जायचं तर जा, मी सगळ्यांना सांगते, मामा रुसले नाहीत. जायची मोकळीक मिळाली अन् पाय तिथंच राहिले. इतकं चढलं की मंगलाष्टकं ऐकू येईनात. उतरलं कधी ते कळलंच नाही. मानेवर अक्षता पडल्या तेव्हा कळलं.

तरी माझा चेहरा बघून नवऱ्याचा चुलता टॉवेल-टोपी घेऊन धावत आलाच, काही चुकलं का म्हणाला. मी म्हणालो, रुसलो नाही हो, घाबरलो होतो. त्यानं हातातल्या टोपीकडं बघितलं. मग म्हणाला, आता आणलीच हाय तर घाला. घातली.

एसटी अजून जमलेली नाही. गुरुवार चालू आहे. काल माझं झाल्यावर हबीब आत गेला. अम्मीचं अजून निम्मंही सांगून झालं नाही म्हणतो. परमेश्वर आडत्या बाकावर होताच. कुणाला दाखवायचं, म्हणाला. मी म्हणालो, दोघांना. अन् दारातल्या स्टुलावर बसून, आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, त्याला काट्यांची सगळी माहिती मोठ्यानं सांगितली.

ईश्वरी माहेरी आली की तिच्या खांद्याला तेल लाव. मी लई जोरात धरलं होतं.

तुझा, रेवणअण्णा