आधी पाणी, मग मीठ

अब्बा,

आजही आधी पाणी जिभेवर घेतलं, थुंकलं आणि मगच पातेल्यात मीठ टाकलं. रमजान चालू आहे. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाणी मोठ्या बाटल्यांतून येतं आणि सगळ्या बाटल्यांची चव सारखीच, म्हणजे चव अशी नाहीच. तरी माझी सवय सुटत नाही. नात दारात उभी राहून हसते. "दादी, इट्स जस्ट वॉटर," म्हणते. ती दुबईहून नोकरी करून, ट्रॅफिकमध्ये अडकून, वैतागून घरी येते. तिच्या मागोमाग तिचा बाप, म्हणजे तुमचा नातू, फोन कानाला लावूनच आत शिरतो आणि विचारतो, अम्मी, आज बाहेरून मागवायचं का, तुला कशाला त्रास. मी म्हणते, झालंय जेवण, हात धुवा. तो मायेनेच विचारतो, हे मला कळत नाही असं नाही. पण बाहेरच्या जेवणाचं नाव निघालं की मी अजून पातेल्यावरचं झाकण घट्ट दाबून बसवते. का, ते या घरात कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक होतं.

मी इथे आले तेव्हा रमजान अगदी तोंडावर आला होता. थंडीचे दिवस होते. आगबोट खोल पाण्यात उभी होती, मला दोराच्या शिडीवरून होडीत उतरवत होते, आणि तुम्ही होडीतून ओरडत होता, पोरी, खाली बघू नको, माझ्याकडे बघ. आता तुम्हीच खाली, तर तुमच्याकडे बघायचं कसं, असा विचार करता करताच मी होडीत येऊन पडले. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवऱ्याचा, म्हणजे तुमच्या मुलाचा, सहवास मिळाला तो एका रजेपुरता. त्याने मला बोलावून घेतलं याचा आनंद एवढा होता की आपल्याला स्वयंपाक येत नाही, हे मी रत्नागिरीतच विसरून आले होते. माहेरी चार भावजया, चुलीपाशी मला उभं राहायलाही जागा नव्हती. मी सातवीपर्यंत शाळा शिकले, शिवण शिकले, कुराण पढले. स्वयंपाक रोज बघितला, पण केला कधीच नाही. बघून येतो असं वाटायचं. सगळ्यांनाच वाटतं.

दुबईत देऱ्याला खाडीजवळ आपल्या दोन खोल्या होत्या. एक स्टो, दोन रांजण आणि अंगणात विहीर. गोडं पाणी गाढवाच्या पाठीवरून डब्यांतून यायचं. आलं तर आलं, नाहीतर गाढववाला दोन दोन दिवस तोंड दाखवायचा नाही. तुमच्या मुलाने पहिल्याच दिवशी बजावलं, विहिरीचं पाणी पिऊ नको. पिऊ नको म्हणाला, शिजवू नको असं कुठे म्हणाला? मी गोडं पाणी पिण्यासाठी जपून ठेवलं, माझ्या मते मोठा शहाणपणा केला, आणि कालवण विहिरीच्या पाण्यात रटरटवलं. मीठ माहेरच्या गोड्या पाण्याच्या अंदाजाने घातलं. रोजा असल्यामुळे चाखायचा प्रश्नच नव्हता. मगरीबची अजान झाली, खजूर खाल्ला, आणि पहिला घास घेताच तुमच्या मुलाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी मी मीठ निम्मं केलं. त्या दिवशी नेमकं गाढव आलं, रांजण भरले, मी खुशाल गोडं पाणी ओतलं, आणि कालवण सपक झालं. मग पुन्हा मीठ वाढवलं तर पुन्हा विहीर. आठवडाभर हाच खेळ. एक दिवस खारट, एक दिवस अळणी, आणि मी रडकुंडीला आलेली.

तुमचा मुलगा वाईट नव्हता, अब्बा. दिवसभर उपाशी राहून गोदामातला माल मोजणारा तरुण माणूस, त्याला संध्याकाळी दोन घास धड हवे होते एवढंच. तो ऑफिसजवळच्या हॉटेलात दोस्तांबरोबर रोजा सोडायला लागला. पराठा आणि मटण. घरी यायचा तो ढेकर देत, आणि मी झाकून ठेवलेलं ताट पुन्हा पातेल्यात ओतायची. एका रात्री तो शांतपणे म्हणाला, "ईदनंतरच्या आगबोटीने तू गावी जा. मला हॉटेलातच जेवायचं, तर तुला इथे ठेवून काय करू?" ओरडला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. गावात काय बोलतील याची भीती होतीच, स्वयंपाक येत नाही म्हणून नवऱ्याने परत पाठवली, हे ऐकायला सगळी आळी हातातलं काम टाकून येणार होती. पण खरं कारण ते नव्हतं. मला तुमचा मुलगा आवडत होता. त्या वेळी असं बोलायची सोय नव्हती, आज तुम्हाला सांगते.

तुम्ही बाहेरच्या खोलीत असायचा. रात्री खाडीवरच्या गोदामाची राखण, दुपारी झोप. तुम्ही ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायचं सोडून तुम्ही स्वयंपाकाच्या जागेत आलात आणि पत्र्याच्या डब्यावर बसलात. मी पदर सारखा करून उठायला लागले तर म्हणालात, बस, मी जहाजावर भंडारी होतो, खलाशांचं रांधायचो, चूल मला नवी नाही. हे मला ठाऊकच नव्हतं. घरात तुमच्या हातात कधी पळी दिसली नव्हती. तुम्ही पातेलं उचललं, उजेडाकडे तिरपं धरलं, काठावरून बोट फिरवलं. काठाला खाऱ्या पाण्याचं पांढरं बसलं होतं. "विहिरीचं घातलंस ना?" एवढंच विचारलंत. मी मान डोलावली. तुम्ही म्हणालात, आधी पाणी चाखायचं, मगच मिठाकडे बघायचं. जहाजावर दर बंदराचं पाणी वेगळं, तिथे हात मोजून मीठ घालणारा भंडारी खलाशांच्या शिव्या खातो.

मी म्हटलं, अब्बा, रोजा आहे, चाखू कशी? तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "नवरा तापट असेल तर बाईने जिभेच्या टोकावर घेऊन थुंकावं, रोजा मोडत नाही. माझा मुलगा तापट आहे. मी त्याचा बाप आहे, मी गवाही देतो." या देशात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. पण चाखायचा धीर काही झाला नाही. मनात यायचं, जीभच ती, घोट गेला आत तर?

मग तुम्ही शिकवायला बसलात. म्हणजे तुमच्या हिशेबाने. तुम्हाला तिघांचं जेवण करताच येत नव्हतं. कांदे चिरायला घेतले की टोपलीचा तळ दिसायचा. मी म्हणायची, अब्बा, आपण तिघं आहोत, त्यातलाही एक हॉटेलात. तुम्ही म्हणायचा, असू दे, येतील खाणारे. माझी गावाहून आणलेली आमसुलं संपली तेव्हा तुम्ही बाजारातून अरबांची ती सुकवलेली काळी लिंबं, लुमी, आणलीत आणि सुरमईच्या कालवणात फोडून टाकलीत. मी नाक मुरडलं. आज आमसुलं इथे प्रत्येक दुकानात मिळतात आणि मी अजून लुमीच टाकते.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ. मी कालवणात मीठ घालून भाकऱ्या थापायला बसले, तेवढ्यात तुम्ही उठून पुन्हा मूठभर मीठ टाकलंत. मला वाटलं तुम्ही ढवळताय. अजान झाली. मी पहिला घास घेतला आणि तो मला गिळवेना. तुम्ही मात्र भात कालवून, बोटं चाटून जेवत होता. दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. मग एकाएकी थांबलात, माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि हलकेच विचारलंत, "मीठ?" मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल, नसेलही. जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात, एवढं उरलंय तर गोदामाजवळच्या मशिदीत नेतो, खलाशी, हमाल खातील. मी घाईने म्हटलं, राहू द्या अब्बा, उद्या ताजं करून देते. आणि दुसऱ्या दिवसापासून मी चाखायला लागले. जिभेवर घ्यायचं, थुंकायचं, चूळ भरायची. नवऱ्याच्या तापटपणाला घाबरून मी ते केलं नाही. तुमचं पातेलं चारचौघांत गेलं की तुम्हाला कुणी हसू नये, यासाठी केलं.

पातेलं मग रोज जायला लागलं. तुम्ही कामावर जाता जाता ते डोक्यावर घ्यायचा आणि तिकडेच रोजा सोडायचा. पुढचं मला तुम्हीच सांगितलंत, आणि सांगताना इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. हॉटेलातले दोस्त एक एक करून मशिदीत रोजा सोडायला जायला लागले, तुमचा मुलगा एकटाच पडला, आणि एक दिवस तोही त्यांच्या मागून आला. पंगतीत बसला, जेवला, आणखी मागितलं, आणि वर बघतो तर पळी हातात घेऊन बाप उभा. म्हणाला, अब्बा, हे कुठून आणलंत? तुम्ही म्हणालात, "तुझ्या घरून. रस्ता आठवतो ना?"

त्या रात्री तो घरी आला. बराच वेळ चपला जागेवर लावत बसला. मग पाठमोराच म्हणाला, उद्या मी घरीच येतो. ईद झाली, आगबोट आली आणि गेली. तिचा भोंगा ऐकू आला तेव्हा मी शेवया परतत होते.

हे पत्र पाठवायचं कुठे, आणि पाठवलं तरी तुम्हाला वाचता कुठे येत होतं. गावची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायची, आणि वाईट बातमी असली की दोन ओळी गाळायची. तेव्हा हे माझ्यापाशीच राहील. पण या वेळी ओळ गाळत नाही. गेल्या रमजानपासून मला मीठ कळत नाही, अब्बा. पाणी जिभेवर घेते ती नुसती सवय. गोडं की खारं, काही समजत नाही. मुलाला सांगितलं तर तो उद्यापासून सगळं बाहेरून मागवील, मायेनेच मागवील, आणि मला सोफ्यावर बसवील. मीठ न कळणाऱ्या जिभेने तुम्ही त्या डब्यावर येऊन का बसला होतात, ते मला आता नीट कळतं.

म्हणून आज नातीला हाक मारली. म्हटलं, कालवण जिभेवर घेऊन बघ आणि थुंक, रोजा मोडत नाही, तुझा बाप तापट आहे, मी त्याची आई आहे, मी गवाही देते. ती म्हणाली, डॅडी अँड तापट? पण आली. चाखलं, चूळ भरली, आणि माझ्याकडे न बघता मिठाचा डबा उघडून दोन चिमट्या टाकल्या. मी तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "मीठ?"

"बरोबर आहे, दादी," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मीही तुम्हाला हेच म्हणाले होते.