सोळा दायांचे फोटो

४ नोव्हेंबर १९६३, सोमवार

...अन् वरून चाचा मलेच विचारते, 'बाई, हे पाच फोटो पाच जणांनी काढले काय?' मीच काढले! पाचही मीच! ते फाडून चाचानं बादलीत टाकले. माह्या डोळ्यांसमोर. धुतलेले, वाळवलेले फोटो! एकीचं तोंड काळं, एकीचं पांढरंफटक, एक खुर्चीत एवढीशी, एकीचं डोकं कागदाच्या बाहेर निघून राह्यलं. म्हणून काय फाडायचे? बाया ओळखू तर येतात ना!

सहा वर्षं झाली, मी या मोहिउद्दीनचाचाच्या स्टुडिओत फोटोच धुतले. नवरा गेला त्या साली आली. पाण्यात तरंगणारी हजारो तोंडं पाहिली. आता बायांचे फोटो काढायले बाई पाहिजे. बुरख्यातल्या बाया पुरुषासमोर तोंड उघडत नाहीत, पाटलाच्या सुना बी नाही. म्हणून मले कॅमेऱ्यामागे उभं केलं. तेव्हा काय गोड — भागीरथाबाई, भागीरथाबाई! अन् आता फाडते.

ही वही बी त्यानंच दिली. रोजचा उजेड लिहून ठेव म्हणे. आजचा उजेड — चुलीत गेला!

५ नोव्हेंबर

सरकारी दवाखान्यात सोळा दाया शिकून तयार झाल्या. प्रत्येकीले कार्ड भेटणार, कार्डावर फोटो. कार्ड नाही तर बाळंतपणाच्या सामानाची पेटी नाही, पेटी नाही तर काम नाही. फोटो पंचवीस तारखेले द्यायचे. दवाखान्याच्या साहेबाची अट एकच, सोळाही सारखे दिसले पाहिजेत.

चाचा म्हणे, "सोळा सारखे काढून दाखव. बायांची खोली तुझी. पडदा, कॅमेरा, किल्ली, सगळं. नाही जमलं तर बादलीजवळ बस."

मी म्हटलं, बसते कोण!

७ नोव्हेंबर

खुर्चीपासून कॅमेऱ्यापर्यंत दोरी बांधली. आता कोणी जवळ नाही, कोणी लांब नाही. खुर्चीच्या चारी पायांभोवती चुन्यानं गोल काढले. चाचा हसला. हसू दे.

१० नोव्हेंबर, रविवार

तोंडं काळी काहून येतात ते आज समजलं. भिंगाची टोपी काढायची, तीन मोजायचे, टोपी लावायची. चाचा मागे उभा राहून ऐकत होता. म्हणे, "बाई, तू रागात असली की तुझे तीन दोनातच होतात. समोरची हलली, तू चिडली, एकदोनतीन, टोपी बंद! उजेडाले आत जायले वेळ तर दे. तेरा गुस्सा दिखता है फोटो में."

असा राग आला मले! पण खरं आहे.

आता मोजतच नाही. मनात जातं फिरवते. दोन फेऱ्या, मुठीनं दाणे टाकत. घाई केली की पीठ जाडं येते, म्हणून जात्यावर माहा हात आपोआप सावकाश चालते.

१३ नोव्हेंबर

नऊ झाल्या. सकाळी नऊ ते अकरा, तेवढाच उजेड घेते. मंग कितीही मोठी बाई येवो, परत पाठवते. एक दाई म्हणे, पाच कोस चालून आली. म्हटलं, ऊन बी लांबूनच येते, ते नाही थांबत.

सगळ्यायले एकच सांगते, पदर डोक्यावरून, नाकात कानात काही नको. सारखं म्हणजे सारखं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची राहिली भुरीबाई, तांड्यावरची बंजारीण. दोन्ही कानशिलांवर केसात गुंफलेली चांदीची घुगरी, गालापर्यंत लोंबती. बाकीच्या पंधरा साध्या, अन् ही अशी! म्हटलं, काढ. ती तिच्या गोरमाटी बोलीत काही तरी बोलली, मले समजलं नाही. अकरा वाजत आले होते, उजेड सरकून राह्यलता. "काढ वं, आटप! कार्ड पाहिजे ना तुले?"

दोरा सोडवायले तिले लई वेळ लागला. मंग बसली. दोन फेऱ्या, टोपी बंद.

सोळात सगळ्यात चांगला हाच आला. बाई जराही हलली नाही.

१६ नोव्हेंबर

सोळा फोटो ओळीनं मांडले. एकाच आईच्या लेकी वाटतात! चाचा फक्त 'हूं' म्हणे, पण फाडला एकही नाही. एक संच पाकिटात घातला अन् वणीले लग्नाच्या कामाले गेला. दुसरा मी रस्त्यावरच्या शोकेसमध्ये लावला. लोक थांबून पाहतात. मी बी रस्त्यावर जाऊन पाहिलं. दोनदा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गुलाबसिंग आला. भुरीबाईचा नवरा. शोकेससमोर उभा राहिला, मंग आत.

"फोटो कोणं काढला?"

"मी."

"मी मेलो काय, बाई?"

मले काही समजेना. मंग त्यानं सांगितलं. बाजाराले आलेल्या पाव्हण्यायनं शोकेसमध्ये भुरी पाहिली, कानशिलं रिकामी. त्यायच्यात लग्न झालेल्या बाईच्या केसातून घुगरी निघते ती नवरा मेल्यावरच. पाव्हणे तसेच तांड्यावर गेले अन् दारातूनच गळा काढला. हा आत भाकर खात बसलता!

"माह्यासमोर मले रडले! मावशी तर मले पाहून बी चूप होईना. म्हणे, आता सुरू केलं तर पुरं करू दे."

मले हसू आलं. तो हसला नाही. माहं हसू तोंडातच राह्यलं.

"ज्या काचेवरून फोटो छापता, ती फोडा," म्हणे. "माह्यासमोर. कागद फाडून काय होते? काच आहे तंवर अजून छापाल. तंवर मी मेलेलाच."

चाचा वणीले. तीस वर्षांत त्यानं कोणाच्या फोटोची काच फोडली नाही, मी कोण फोडणारी? अन् फोडली तर पाकिटातला फोटो बी काढावा लागणार, मंग सोळाचे पंधरा. खोली गेली.

पण तिचा हात डोळ्यांसमोर आला. दोरा सोडवताना मधेच थांबलेला. मी काय म्हटलं होतं? आटप. माह्या बांगड्या दहाव्या दिवशी बायांनी पाट्यावर फोडल्या, तेव्हा मले बी कोणी तरी आटप म्हटलंच होतं.

शोकेसमधला फोटो काढून फाडला. काच आणली, पायरीवर आपटली. गुलाबसिंगनं तुकडे पायानं नालीत लोटले. रामराम करून गेला.

१९ नोव्हेंबर

चाचा आला. काचांची पेटी उघडली. "सोळावी?"

सांगितलं. त्यानं पेटी बंद केली. मंग एकदम, "काच गिऱ्हाईकाची अमानत असते! फोडणारी तू कोण?"

"फोटो काढणारी."

"फोटो धोनेवाली!"

घरी निघून येणार होती. नाही आली. सहा दिवस आहेत अजून.

२० नोव्हेंबर

तांड्यावर गेली. भुरीबाई कापूस वेचून आलेली. पाणी दिलं, बस म्हटलं नाही.

"परत येतं काय, भुरी? घुगरी घालून."

"पहिल्यानंच काहून नाही विचारलं?"

"घाई होती."

"बाळंतीण अडली तरी मी घाई करत नाही. तुले फोटोची घाई!"

उभी राह्यली. तिनं कापसाचं ओझं बांधलं, सोडलं, परत बांधलं. मंग म्हणे, "कार्ड पाहिजे मले. येईन. पण तू मले हात लावायचा नाही. मी बसीन तशी बसीन."

बरं म्हटलं. बरं म्हणायची मले सवय नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

भुरीबाई आली. घुगरी तर आहेच, वरून आरशांची ओढणी! गुलाबसिंग दारात, पहाऱ्याले. पहिली काच वाया गेली. आरशांनी उजेड सरळ भिंगात फेकला, फोटोवर पांढरे डागच डाग.

जुनी मी असती तर म्हटलं असतं, काढ ओढणी. जीभ चावली. दोरी सोडली नाही, खुर्ची हलवली नाही. वरच्या खिडकीचा पांढरा कपडा वीतभर ओढला, परत बोटभर. आरसे विझले. तोंड तसंच उजेडात.

बाहेरून गुलाबसिंग, "झालं काय?"

"थांबा! तुमाले जित्तं करून राह्यली!"

भुरीबाई हसली. नशीब, टोपी लावून झालती.

२३ नोव्हेंबर

ओळ परत मांडली. पंधरा साध्या, एक नटलेली. अन् तरी डोळे एका रेषेत, हनुवट्या एका रेषेत, डाव्या गालावर तीच सावली. सारखं जे व्हायचं ते दोरीनं, उजेडानं, जात्यानं झालं. पंधरा जणींच्या नथा मी उगाच उतरवल्या! त्यायनं मले काही म्हटलं नाही, म्हणून मले कळलं नाही.

चाचानं चष्मा पुसला, परत पाहिलं. "अब एक ही हाथ दिखता है," म्हणे. एवढंच.

"मंग खोली?"

"सोमवारी फोटो देऊन येतो. मंग बोलू."

रात्री झोप नाही. कायले खोटं लिहू.

२५ नोव्हेंबर

चाचा पाकीट घेऊन गेला. परत आला तर गिऱ्हाईक बसलेलं. सरळ त्याच्याकडे वळला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

खोलीची किल्ली चाचानं माह्या हातावर ठेवली. साहेब खूश, तालुक्यातल्या सगळ्या दायांचे फोटो आता मीच काढायचे. नमुना म्हणून एक तयार कार्ड दाखवलं. भुरीबाईचं. कानशिलं रिकामी!

"वणीले जायच्या आधीच साहेबाले पहिला संच देऊन गेलतो," म्हणे. "सोमवारी नवं पाकीट नेलं, तंवर तेच पास झालते. त्याले सगळ्या एका वेषात पाहिजेत. आता कायले बदलायचं? तुझाच तर फोटो आहे."

कार्डं शनिवारी वाटणार, सगळ्यांसमोर.

किल्ली परत टेबलावर ठेवली. चिठ्ठी लिहून कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याले टाचली. इथं बी लिहून ठेवते:

चाचा, भुरीबाईचा खरा फोटो तुमच्याजवळ आहे. तो कार्डावर लावून आणता, की गुलाबसिंगले घेऊन मीच साहेबासमोर उभी राहू? शुक्रवारी नमाजले निघायच्या आधी मले जबाब पाहिजे.